आठवण घालवणाऱ्या गोळ्यांचं काय?

दर दोन-चार महिन्यांनी कुठे ना कुठे बातमी येते की अमुक औषध दिल्यावर म्हाताऱ्या उंदरांची स्मरणशक्ती परत आली. सोबत पांढऱ्या उंदराचा फोटो. संध्याकाळपर्यंत ती नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचते आणि फिरता फिरता त्यातला उंदीर गळून पडतो. उरतं ते 'विसराळूपणावर औषध सापडलं'. मग मला फोन येतो, "सर, हे आपल्याकडे मिळतं का? आईसाठी हवं होतं." फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवणाऱ्याला अशा चौकशा चुकत नाहीत.

मिळत नाही असं सांगून मी उलट विचारतो, आईला सध्या काय काय चालू आहे? मग यादी वाचून दाखवली जाते. बीपीची एक, साखरेच्या दोन. पायाला मुंग्या येतात म्हणून रात्रीची एक, लघवी आवरत नाही म्हणून एक, अंगाला खाज सुटते म्हणून एक, झोपेची अर्धी. यादी संपेपर्यंत माझ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मिळालेलं असतं.

म्हाताऱ्या प्राण्यांच्या मेंदूवर औषधांचा काय परिणाम होतो यावर गेली पन्नास वर्षं जगभर काम चाललं आहे. त्यातून स्मरणशक्ती सुधारणारी औषधं निघाली ती मोजकी, आणि तीही तोकडी. स्मरणशक्ती बिघडवायची कशी, हे मात्र त्या कामाने पक्कं शिकवलं. या दुसऱ्या धड्याचा उपयोग आज, इथे, कमी खर्चात करता येतो. तरीही सरकार, औषध कंपन्या, डॉक्टर आणि आपण सगळे पहिल्याच्याच मागे लागलो आहोत.

धोतरा सगळ्यांना माहीत असतो. महाशिवरात्रीला तो महादेवाला वाहतात, आणि त्याचं बी खाऊ घालून वाटसरूंना लुटल्याच्या नोंदी ब्रिटिश अमदानीतल्या पोलीस दप्तरांत सापडतात. बी पोटात गेलं की तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळतो, हवेतलं काहीतरी पकडू बघतो. शुद्धीवर आल्यावर मधल्या वेळचं त्याला धड आठवत नाही. हे घडवणाऱ्या द्रव्यांपैकी एक म्हणजे स्कोपोलामाइन. मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेतं. ते जिथे जाऊन बसायचं त्या जागा स्कोपोलामाइन अडवून धरतं, आणि निरोप पोचत नाही. १९७४ साली ड्रॅकमन आणि लेव्हिट या संशोधकांनी धडधाकट तरुणांना स्कोपोलामाइन देऊन स्मरणाच्या चाचण्या घेतल्या, तर तरुणांचे निकाल म्हाताऱ्यांच्या निकालांसारखे आले. दोनच वर्षांनी पीटर डेव्हिस आणि मॅलोनी यांनी अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन तयार करणारं विकर खूप घटलेलं असतं हे दाखवलं. म्हाताऱ्या माकडांवर काम करणाऱ्या रेमंड बार्टस यांनी सहकाऱ्यांसह १९८२ साली हे सगळे धागे एकत्र बांधले. वयाबरोबर आठवण ढासळते त्यामागे ॲसिटिलकोलीनची टंचाई आहे, असं त्यांचं म्हणणं.

त्यातून औषधं निघाली हे नाकारण्याचं कारण नाही. ॲसिटिलकोलीनचं विघटन रोखणारं टॅक्रिन १९९३ साली अमेरिकेत मंजूर झालं. यकृताला त्रास व्हायचा म्हणून ते मागे पडलं. १९९६ साली डोनेपेझिल आलं. ते आजही अल्झायमरवरचं सगळ्यांत जास्त लिहिलं जाणारं औषध आहे, आपल्याकडेही. त्याचा फायदा किती? स्मरण आणि आकलन मोजण्याची ७० गुणांची जी पट्टी चाचण्यांत वापरतात, तिच्यावर सरासरी तीनही गुण भरत नाहीत. काही रुग्णांना यापेक्षा जास्त उपयोग होतो, काहींना अजिबात नाही. फ्रान्सने ऑगस्ट २०१८ पासून डोनेपेझिल आणि त्याच्या जोडीच्या औषधांचे पैसे सरकारी विम्यातून देणं थांबवलं. मला तो निर्णय जरा टोकाचा वाटला, पण तो अडाणीपणाने घेतलेला नव्हता.

ॲसिटिलकोलीनच्या पलीकडे जे शोधलं गेलं त्याची कहाणी याहून निराशेची आहे. येल विद्यापीठात एमी आर्नस्टेन आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी १९८५ साली म्हाताऱ्या माकडांवर केलेला प्रयोग मी दरवर्षी वर्गात समजावून सांगतो, कारण तो फार देखणा आहे. माकडासमोर दोन खळगे. त्याच्या डोळ्यांदेखत एकात खाऊ ठेवायचा, दोन्ही झाकायचे आणि मध्ये पडदा सोडायचा. काही सेकंदांनी पडदा वर घ्यायचा. माकडाने एकच झाकण उचलायचं. तरुण माकड बरोबर उचलतं. म्हाताऱ्याचं तसं नाही. पडदा जितका जास्त वेळ खाली, तितकं ते जास्त चुकतं. त्याला क्लोनिडिन हे रक्तदाबाचं जुनं औषध दिलं आणि त्याच्या चुका कमी झाल्या. पुढे ग्वानफसिन या त्याच जातीच्या औषधानेही तसंच झालं. २०११ साली तर पडदा खाली असताना 'खाऊ कुठे आहे' हे धरून ठेवणाऱ्या पेशींचं मंदावलेलं काम औषधाने पुन्हा जोर धरतं, हे एकेका पेशीची विद्युत नोंद घेऊन दाखवलं गेलं. इतका भक्कम पाया क्वचितच बघायला मिळतो. मग येलमध्येच ग्वानफसिनची वृद्ध माणसांवर चाचणी झाली. १२३ जण, बारा आठवडे. २०१८ साली निकाल छापून आला: फरक नाही.

कुत्र्यांचं उदाहरण आणखी बोलकं. कुत्रा म्हातारा झाला की त्याच्या मेंदूत माणसासारखेच अमायलॉइडचे थर साचतात, आणि ते प्रथिन कुत्र्यात व माणसात हुबेहूब एकच असतं. टोरंटोमध्ये नॉर्टन मिलग्रम यांच्या गटाने म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. मेंदूतलं डोपामाइन टिकवून धरणारं सेलेजिलिन हे पार्किन्सनचं औषध अशा भ्रमिष्ट कुत्र्यांसाठी अमेरिकेत १९९८ साली मंजूरही झालं. रात्री घरभर फिरणारा, कोपऱ्यात तोंड घालून उभा राहणारा, मालकाला न ओळखणारा म्हातारा कुत्रा त्यावर काही अंशी सावरतो. १९९७ साली ३४१ अल्झायमर रुग्णांवर त्याच सेलेजिलिनची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आजार पुढच्या पायऱ्यांवर जायला थोडा उशीर झाला, पण स्मरणाचे गुण काही वाढले नाहीत. नंतरच्या अभ्यासांनीही त्याला फारसा आधार दिला नाही, आणि स्मृतिभ्रंशाचं औषध म्हणून ते बाजूला पडलं. सेरोटोनिन हे मेंदूतलं आणखी एक रसायन जिथे जाऊन बसतं त्यातली एक जागा अडवणारं इडालोपिर्डिन असंच गाजत आलं. २,५२५ रुग्णांवरच्या तीन चाचण्यांचे निकाल २०१८ मध्ये आले. हाती शून्य.

असं का होतं? तज्ज्ञ बरीच कारणं सांगतात. उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही, त्याच्यात जनुकं घालून तो घडवावा लागतो. माणसात रोग ओळखू येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. ही सगळी कारणं खरी आहेत. पण एका कारणाची चर्चा फारशी होत नाही. पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या माकडाला एकच औषध चालू असतं, ज्याची परीक्षा चालली आहे ते. त्याला मधुमेह नसतो, गुडघेदुखी नसते, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या नसतात. आपल्याकडच्या सत्तरीच्या माणसाच्या मेंदूत मात्र नवं औषध पोचतं तेव्हा तिथे आधीपासून पाच-सात औषधांची गर्दी असते, आणि त्यातली दोन-तीन नेमकी उलट्या दिशेने ओढत असतात.

आता जरा घरचं. आपल्याकडे फार्मसीच्या पदव्युत्तर प्रकल्पांत एक ठरीव प्रयोग आहे. कुठल्या तरी वनस्पतीचा अर्क काढायचा. तरुण उंदरांचे सहा-सहाचे गट करायचे. स्कोपोलामाइन टोचून त्यांना विसराळू करायचं आणि अर्क पाजून ते सावरतात का बघायचं. मोजमाप बहुतेकदा जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या अधिक-चिन्हाच्या आकाराच्या एका पाटावर होतं. त्याच्या दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. उंदराला उघड्या भुजेच्या टोकाला ठेवायचं आणि स्टॉपवॉच लावायचं. त्याला उंचीची आणि उघड्यावरची भीती वाटते, म्हणून तो भिंतीआड पळतो. दुसऱ्या दिवशी कमी सेकंदांत पळाला तर त्याला 'आठवलं' असं धरायचं. आता, ज्या औषधाने उंदीर जास्त घाबरेल किंवा नुसताच जास्त चपळ होईल, तेही या कसोटीवर स्मृतिवर्धक ठरतं! तोंडी परीक्षेत मी हे विचारतो तेव्हा विद्यार्थी बिचारे माझ्याकडे बघत राहतात. त्यांचा दोष नाही. उंदीर खरोखर म्हातारा करायचा तर दीड-दोन वर्षं पोसावा लागतो. प्रबंधाला तेवढा वेळ नसतो आणि प्राणिगृहाला तेवढा पैसा नसतो. म्हणून धोतऱ्याची आडवाट. पण तरुण उंदराला विष देऊन त्यावर उतारा शोधणं म्हणजे म्हातारपणावर औषध शोधणं नव्हे. असल्या निबंधांचा आधार घेऊन बाजारात 'मेमरी'च्या बाटल्या विकल्या जातात, त्याबद्दल पुढे बोलू.

या आडवाटेवरच खरं तर मोठी गोष्ट पडलेली आहे. कुठल्याही देशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत स्कोपोलामाइन टोचा, प्राणी विसराळू होतो. स्मरणशक्तीच्या संशोधनात इतका भरवशाचा निकाल दुसरा क्वचितच असेल. शिवाय म्हातारा प्राणी तरुणापेक्षा कमी मात्रेत गडबडतो, कारण त्याच्याकडे ॲसिटिलकोलीनची शिल्लकच कमी. माणसातही तसंच.

आणि स्कोपोलामाइनच्या जागीच बसणारी, तेच काम कमी-अधिक जोराने करणारी औषधं आपण रोज गिळतो. पायाच्या मुंग्यांसाठी रात्री दिली जाते ती बऱ्याचदा ॲमिट्रिप्टिलिन. लघवी आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन. खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन. गाडी लागू नये म्हणून प्रोमेथाझिन. पोटात कळ आली की डायसायक्लोमिन. हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल. अमेरिकेतल्या लेकाने येताना आणलेल्या झोपेच्या 'पीएम' गोळीत डायफेनहायड्रामिन. यातलं एकेक औषध एकेका वेळी योग्य असू शकतं, तरुणाला बहुतेक पचूनही जातं. पण वयस्क माणसाच्या यकृताला आणि मूत्रपिंडाला ते बाहेर टाकायला जास्त वेळ लागतो. शिवाय ही औषधं एकावर एक साचतात. चार वेगवेगळ्या तक्रारींसाठी चार डॉक्टरांनी दिलेल्या चार गोळ्या मेंदूत एकाच कुलपाला जाऊन लागतात, आणि त्यांची बेरीज कुणीच करत नाही. अमेरिकेत १९९१ सालापासून वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी आहे, बीअर्स यादी म्हणतात तिला. वर सांगितलेली बहुतेक नावं तिच्यात आहेत.

यामुळे स्मृतिभ्रंश होतोच असं सिद्ध झालं आहे का? नाही, आणि तसं सांगून घबराट पसरवायची नाही. २०१५ साली सिॲटलमधल्या ३,४३४ वृद्धांचा अभ्यास आला. ज्यांच्या पोटात अशी औषधं वर्षानुवर्षं जास्त गेली त्यांच्यात स्मृतिभ्रंश जास्त दिसला. २०१९ साली ब्रिटनमधल्या स्मृतिभ्रंशाच्या ५८,७६९ रुग्णांची तुलना स्मृतिभ्रंश नसलेल्या सव्वादोन लाख माणसांशी केली, तेव्हाही तसंच दिसलं. नैराश्य, पार्किन्सन आणि मूत्राशयाच्या औषधांबाबत हा संबंध ठळक होता. ॲलर्जीच्या गोळ्यांबाबत मात्र दिसला नाही, हेही सांगायला हवं. टीकाकार म्हणतात की स्मृतिभ्रंशाच्या आधीची काही वर्षं माणूस उदास होतो, झोप उडते, लघवी आवरत नाही, आणि म्हणून औषधं सुरू होतात. म्हणजे रोग आधी, गोळी नंतर. आक्षेप वजनदार आहे. निव्वळ निरीक्षणाच्या अभ्यासांनी तो पूर्ण खोडता येणार नाही. औषधं कमी केल्यावर सगळ्यांचीच आठवण सुधारते असंही नाही.

पण धिम्या गतीने होणारा स्मृतिभ्रंश सोडा. या औषधांनी आज, या आठवड्यात म्हातारा माणूस गोंधळतो, याबद्दल दुमत नाही. ते प्रयोग करून दाखवलेलं आहे, प्राण्यांतही आणि माणसांतही. आईला कालचं आठवेना, चालताना तोल गेला, रात्री उठून 'गावाला जायचंय' म्हणू लागली, की घरचे म्हणतात, वय झालं. डॉक्टर म्हणतात, डिमेन्शियाची सुरुवात. मग डोनेपेझिल सुरू होतं. डोनेपेझिलने ॲसिटिलकोलीन वाढतं, तसं ते मूत्राशयातही वाढतं आणि लघवी आवरेनाशी होते. त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं, जे ॲसिटिलकोलीन अडवतं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या वृद्धांच्या नोंदी तपासून २००५ साली एका गटाने हेच दाखवलं: ज्यांना डोनेपेझिलच्या जातीचं औषध सुरू झालं, त्यांना लघवीची ही गोळी सुरू होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. विहिरीवर मोट चालू ठेवायची आणि पाटाचं तोंड बुजवायचं, असला हा कारभार. दोन्ही गोळ्यांचे पैसे पुन्हा त्याच घरातून जातात.

आपल्या देशात साठीच्या पुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दिला. यातल्या किती जणांच्या डब्यात वरची नावं असतील, हे कुणी मोजायला हवं. ते मोजायला नवा रेणू लागत नाही, प्राणिगृह लागत नाही. एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या वृद्धांच्या ओपीडीत येताना घरची सगळी औषधं पिशवीतून आणायला सांगायचं आणि एका फार्मासिस्टला टेबल द्यायचं, एवढ्याने सुरुवात होते. महाराष्ट्रात दरवर्षी हजारो फार्मासिस्ट शिकून बाहेर पडतात. २०१५ सालच्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषध समजावून सांगणं हे त्यांचं काम म्हणून लिहिलेलंच आहे. आज त्यातल्या बहुतेकांचा दिवस चिठ्ठीवरचं नाव वाचून पट्टी कापण्यात जातो.

कायद्याचं बघा. औषध नियमांच्या शेड्यूल 'जे'मध्ये अशा तक्रारींची यादी आहे, ज्या बऱ्या करण्याचा दावा ॲलोपॅथिक औषधाला करता येत नाही. 'मेंदूची क्षमता वाढवणं आणि स्मरणशक्ती सुधारणं' हे त्या यादीत स्पष्ट आहे. फूड सप्लिमेंट म्हणून बाटली बाजारात आणली की ही अडचण राहत नाही, मग दहावीच्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांसाठी जाहिरात करायला मोकळे. म्हणजे आठवण वाढवण्याच्या दाव्यावर निदान कागदावर तरी पहारा आहे. आठवण घालवणाऱ्या औषधावर तेवढाही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनच्या सर्दीवरच्या एका मिश्रणावर 'चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये' असं छापायला कंपन्यांना सांगितलं. योग्यच केलं. मग त्याच वेष्टनावर 'पासष्टीच्या पुढे गोंधळ, विस्मरण, तोल जाणं संभवतं. डॉक्टरांना विचारा' एवढी एक ओळ, मराठी-हिंदीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापायला काय हरकत आहे? सर्दीच्या गोळीपासून मूत्राशयाच्या गोळीपर्यंत सगळ्यांवर.

झोपेच्या गोळ्यांची जात वेगळी, पण आठवणीवर त्याही घाला घालतात. अल्प्राझोलम आणि झोल्पिडेम मार्च २०१४ पासून शेड्यूल 'एच वन'मध्ये आहेत. दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं सांभाळायची असते. ओळखीच्या दुकानात "काकांची नेहमीची पट्टी" म्हटल्यावर ती वही कितीदा उघडली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे.

याचा अर्थ उद्या सकाळी आईची औषधं बंद करा असा मुळीच नाही. अल्प्राझोलम एकदम तोडलं तर झटके येऊ शकतात, ॲमिट्रिप्टिलिनही हळूहळू उतरवावं लागतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी पर्याय असतात. लघवीसाठी मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने काम करतं, ॲसिटिलकोलीनच्या वाटेला जात नाही. पोटातल्या कळेसाठीचं हायोसिन ब्युटाइलब्रोमाइड स्कोपोलामाइनचंच भावंड, पण त्याची रचना अशी की ते मेंदूत जवळजवळ शिरत नाही. खाजेसाठी आधी कोरड्या त्वचेला तेल लावून बघता येतं. हे कुणी डॉक्टरांना विचारलं तर चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट दुसऱ्या डॉक्टरांनी काय दिलं आहे, हे त्यांना बऱ्याचदा तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

प्राण्यांवरचं संशोधन थांबवा, असं माझं म्हणणं नाही. बार्टसच्या माकडांशिवाय आणि स्कोपोलामाइन टोचलेल्या असंख्य उंदरांशिवाय वरच्यातलं फार थोडं आपल्याला कळलं असतं. पण त्या प्राण्यांनी दिलेल्या दोन उत्तरांपैकी जे जास्त खात्रीचं, ते आपण वर्गात शिकवतो, परीक्षेत विचारतो आणि चिठ्ठी लिहिताना विसरतो. वैद्यकीय शिक्षणात याला किती तास मिळतात ते बघायला हवं, आणि वृद्धांच्या प्रत्येक सरकारी आरोग्य शिबिरात बीपी-साखरेच्या शेजारी औषधांच्या पिशवीचीही तपासणी असायला हवी. शिबिराला येणारे आजोबा पिशवी आणतीलच. वाचणारा माणूस तिथे बसवायचा आहे.